हॅलेटांची चार नावं

लिडकोम गावात माणूस मेला की आधी चर्चची घंटा वाजायची आणि मग इलाय मीचच्या दारावर थाप पडायची. इलाय खरा गाड्यांची चाकं करणारा सुतार. पण करवत, रंधा आणि वाळवलेल्या एल्मच्या फळ्या ज्याच्याकडे, त्याच्याकडेच शवपेटीचं काम येणार, हे ओघानंच आलं. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. गावातल्या कुणालाही नुसतं चालताना बघून इलाय त्याची उंची बोटाच्या फरकानं सांगू शकायचा. ही सवय त्याची त्यालाच आवडत नसे. म्हणून बोलताना तो माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता बुटांकडे बघायचा, आणि लोक त्याला लाजाळू समजायचे.

लाजाळू तो होताच. बायको रोडा दोघांच्या वाट्याचं बोलून टाकायची, त्यामुळे त्याचं काही अडलंही नाही. एकच मुलगा, हर्बर्ट. तोही बापाच्याच हाताखाली चाकांचे आरे तासत मोठा झाला.

१९१६ साली, महायुद्ध चालू असताना, सैन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ज्याच्यामागे काही अडचण आहे त्यानं सूट मागावी आणि निकाल भागातल्या पाच पंचांनी द्यावा, असं ठरलं. लिडकोमपासून पाच मैलांवर केल्सबरी हे बाजाराचं गाव, तिथे पंचांची बैठक बसायची. मेजर फॉल्केनर प्रमुख, दोन बडे शेतकरी, एक धान्याचा व्यापारी. पाचवा माणूस कष्टकऱ्यांपैकी हवा असा वरून हुकूम होता, म्हणून मेजरनी इलायला बोलावून घेतलं.

"तू तोंड उघडणार नाहीस म्हणून घेतलंय तुला," रोडा म्हणाली.

"मग बरोबर माणूस निवडला," इलाय म्हणाला.

पण सुरुवातीला तो अगदीच गप्प बसला नाही. लोहाराचा अर्ज आला तेव्हा त्यानं सांगितलं की या माणसाला नेलंत तर नऊ शेतांवरच्या घोड्यांना नाल कोण मारणार. लोहाराला सूट मिळाली. गिरणीवाल्यालाही मिळाली. परतीच्या वाटेवर पाच मैल चालताना इलायला वाटायचं, आपणही काही उपयोगाचे आहोत.

इलायच्या घरापासून तिसरं दार थर्झा हॅलेटचं. दोघं एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले, म्हणून 'मिसेस हॅलेट', 'मिस्टर मीच' असलं काही त्यांच्यात नव्हतं. थर्झाचा नवरा गवताच्या गंजीवरून पडून गेला तेव्हा धाकटा लेवी पाच वर्षांचा होता. इलायनंच पेटी केली. पुढे थर्झानं पाद्र्याच्या घरचे आणि मेजरच्या घरचे कपडे धुऊन चार पोरं वाढवली. रूबेन, वॉल्टर, पर्सी, लेवी. चुलीला लागणारा भुसा आणि ढलप्या न्यायला ही चारही पोरं लहानपणी इलायच्या कारखान्यात यायची. वॉल्टर न विचारता न्यायचा, बाकीचे विचारून.

थोरले तिघे आपणहून भरती झाले. रूबेन पंधरा साली फ्रान्समध्ये मारला गेला. वॉल्टर पुढच्या उन्हाळ्यात. पर्सीची पलटण पार बसऱ्याच्या पलीकडे होती, तो तापानं गेला, आणि त्याची तार त्याच्या पत्राच्या आधी पोचली. पत्रात त्यानं आईला लिहिलं होतं की इथे खजूर इतके स्वस्त आहेत की घोडेसुद्धा खातात.

राहिला लेवी. सतरा सालच्या हेमंतात तो अठरा पूर्ण करून ऑकफर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात बावीस गाई सांभाळत होता. त्याच्या नावाचा भरतीचा कागद आला तेव्हा थर्झानं पाद्र्याकडून अर्ज लिहून घेतला आणि नोव्हेंबरच्या एका मंगळवारी केल्सबरीला गेली. इलाय त्याच खटाऱ्यात होता. वाटेत ती म्हणाली, "मी तुला काही सांगणार नाही, इलाय. तुला सगळं ठाऊकच आहे."

"हो," तो म्हणाला.

बैठक धान्याच्या बाजारावरच्या माडीवर असायची. खालून पोत्यांची धूळ वर येई आणि व्यापारी सारखा शिंके. त्या दिवशी चौदा अर्ज होते. लेवीचा अकरावा. आठव्यानंतर चहा झाला. सैन्यातर्फे बाजू मांडायला कॅप्टन ड्रू म्हणून एक माणूस यायचा. तरुण, एक पाय किंचित ओढत चालणारा, बोलायला अतिशय सभ्य. तो कप घेऊन इलायशेजारी खिडकीत येऊन उभा राहिला.

"मिस्टर मीच, तुमच्या मुलाला मिळालेली सूट डिसेंबरात संपते ना? काल यादीत नाव दिसलं."

"होय, साहेब."

"चाकं करणारा माणूस शेतीला लागतोच. माझी काही हरकत नाही." त्यानं एक घोट घेतला. "सध्या तरी नाही."

एवढंच बोलून तो पलीकडे गेला. पुढच्या आयुष्यात इलायनं हे बोलणं किती वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं याला गणती नाही. ती धमकी होती का? की खरंच सहज निघालेला विषय? त्या खिडकीत उभं असताना मात्र तो फक्त डिसेंबरला किती आठवडे उरलेत ते मोजत राहिला.

दहावा अर्ज मेजरच्याच शिकारी कुत्र्यांच्या रखवालदाराचा होता. मेजर रीतीप्रमाणे बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. कुत्री मेली तर पुन्हा जात तयार करायला वीस वर्षं लागतील, असं एक शेतकरी म्हणाला. सूट मिळाली.

मग थर्झा आत आली. चर्चला घालायची काळी टोपी तिनं घातली होती. मागे लेवी, कान लाल झालेले.

"तुमचे तीन मुलगे देशासाठी कामी आले, मिसेस हॅलेट," मेजर म्हणाले. "या खोलीत कुणाला त्याचा विसर पडलेला नाही."

"होय, सर."

"तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

थर्झानं टेबलाच्या कडेवर हात ठेवला. धुण्यानं सालं निघालेले हात. "हाच राहिलाय, सर," ती म्हणाली. "दुसरं काय सांगू."

कॅप्टन ड्रूनं अगदी हळू आवाजात सांगितलं की गाईंचं दूध आता बायकाही काढतात, ऑकफर्डच्या दोन मुली आहेत, आणि प्रत्येक घरानं असंच म्हटलं तर आघाडीवर कोण उभं राहील. त्याच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता. मग मायलेकांना बाहेर पाठवण्यात आलं.

"सूट द्यावी असं ज्यांचं मत असेल, त्यांनी हात वर करा," मेजर म्हणाले.

इलायचे दोन्ही हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या अंगठ्यात सकाळीच लाकडाचं कुसळ गेलं होतं, तो ते नखानं चाचपत राहिला. व्यापाऱ्यानं टेबलाकडे नजर लावली होती. तो इतका वेळ टेबलाकडे बघत होता की नंतर इलायला वाटायचं, आपण हात वर केला असता तर कदाचित त्यानंही केला असता. कदाचित नसताही. मेजरनी पेनाचं टोक शाईत बुडवलं. कुणाचाच हात वर गेला नाही.

"नामंजूर. जानेवारीपर्यंत मुदत. पुढचा."

इलाय संध्याकाळी जिना उतरला तेव्हा थर्झा खाली थांबलेली होती. त्याचा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण तिनं त्याच्याकडे बघितलं आणि दंडावर हात ठेवला.

"तू केलंस तेवढं केलंस," ती म्हणाली. "एकटा माणूस त्या चौघांपुढे काय करणार. मला दिसतंय तुझ्या तोंडावर."

आतली चर्चा बाहेर सांगायची नाही असा पंचांना दंडक होता. इलायनं त्या क्षणी तो दंडक धरला. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पंपाजवळ थर्झानं चार बायकांना आधीच सांगून टाकलं होतं, की मेजरच्या तोंडावर माझ्या लेवीसाठी उभा राहिला तो एकटा इलाय. तिसऱ्या दिवशी पबमध्ये म्हातारा गेज त्याच्यापुढे सायडरचा मग सरकवून गेला. इलायनं तो प्यायला. तिथून पुढे सांगायचं म्हणजे त्या मगाचंही सांगायला लागलं असतं.

डिसेंबरात हर्बर्टचा अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला. इलाय रीतीप्रमाणे तेवढा वेळ बाहेर जिन्यात उभा होता.

जायच्या आदल्या दिवशी लेवी कारखान्यात आला. पोरगं उंच झालं होतं, दारात मान वाकवावी लागली.

"आई म्हणाली, भेटून जा. आभार मान."

"आभार कसले," इलाय म्हणाला.

"तेच मी म्हटलं तिला. शेवटी चाललोच ना मी." लेवी हसला आणि कोपऱ्यात आरे बसवणाऱ्या हर्बर्टकडे वळला. "तू मजा कर, लेका. गावातल्या सगळ्या पोरी आता तुझ्याच. ऑकफर्डची थोरली तेवढी सोड, ती लाथ मारते. तिच्यापेक्षा तिच्या गाई गरीब."

हर्बर्टनं मान वर केली नाही. लेवीनं इलायचा हात हातात घेतला. दूध काढणाऱ्याचा हात, ऊबदार, घट्ट. सांगून टाकावं, असं इलायला तो हात सुटेपर्यंत वाटत राहिलं. हात सुटला, आणि लेवी दारातून पुन्हा वाकून गेला.

अठराच्या सप्टेंबरात लेवी पडला. लढाई संपायला दोन महिने उरले होते.

ज्यांची मुलं तिकडे पडली त्यांची प्रेतं परत आणायची नाहीत, असा सरकारचा निर्णय होता. थर्झाला एक छापील कागद आला, त्यात कबरीच्या रांगेचा आणि खड्ड्याचा आकडा होता. ती तो घेऊन कारखान्यात आली.

"लेवी किती उंच झाला होता रे?" तिनं विचारलं. "तुझी नजर चुकत नाही म्हणतात. मी शर्टाच्या बाह्यांची दुमड सोडत गेले, पण माप असं कधी घेतलंच नाही."

"पाच फूट दहा इंच," इलाय म्हणाला. "अर्धा इंच जास्तच."

"बापापेक्षा उंच मग."

"तीन बोटं."

"आणि पर्सी?"

त्यानं पर्सीची सांगितली. मग वॉल्टरची, मग रूबेनची. थर्झा ओठ हलवत ती पाठ करत गेली. ती गेल्यावर त्यानं रंधा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. रात्री जेवताना त्यानं रोडाला सगळं सांगितलं. रोडानं हातातला पावाचा तुकडा परत ताटात ठेवला.

"तू हात वर केला असतास आणि आपला हर्बर्ट गेला असता, तर मी तुला या घरात राहू दिलं नसतं," ती म्हणाली. "आता ऐकल्यावरही मला तुझ्याशेजारी निजावंसं वाटत नाहीये. त्याला मी तरी काय करू?"

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

एकवीस साली चर्चच्या आवारात लढाईत पडलेल्यांचं स्मारक उभं राहायचं ठरलं. त्याआधी वर्षभर गावात त्यावरून कुरबुरी चालल्या होत्या. कुणाला आत काचेची खिडकी हवी होती, कुणाला गावासाठी विहीर. मेजरना वाटत होतं की हुद्द्याप्रमाणे नावं असावीत, म्हणजे त्यांच्या पुतण्याचं आधी आलं असतं. पाद्री पिम हा तसा मऊ माणूस, पण तिथे अडून बसला. शेवटी साधा दगडी क्रूस आणि त्याखाली अकरा नावं, अक्षरांच्या क्रमानं, असं ठरलं. अकरातली चार हॅलेट. दगड उचलायची तिकाटणी आणि कप्पी इलायनं केली. कोरणारा कारागीर केल्सबरीहून यायचा आणि यू वृक्षाच्या आडोशाला बसून दिवसाला दोन नावं कोरायचा. हॅलेटांना दोन दिवस लागले.

पडदा कुणी काढायचा याची बैठक झाली, तेव्हा पाद्र्यानं थर्झाचं नाव सुचवलं आणि मेजरसुद्धा हो म्हणाले. थर्झानं एकच अट घातली. माझ्या शेजारी इलाय मीच उभा राहील.

हे कळल्यावर इलायला झोप येईना. आपल्या तोंडानं आपल्याला सांगता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याच्या मनात आलं, पंचांच्या बैठकीची नोंदवही असेल, ती थर्झाला दाखवावी. कागदच बोलेल. तो केल्सबरीला चालत गेला. तिथला कारकून निवृत्तीला आलेला, बागेत गुलाब छाटत होता.

"वह्या?" तो म्हणाला. "जाळल्या की. मार्चमध्ये वरून पत्र आलं, या बैठकांचे सगळे कागद नष्ट करा म्हणून. दोन दिवस जाळत होतो."

"सगळे?"

"सगळे. का हो, तुम्हाला कशाला हवे होते?"

"कुणी कुठल्या बाजूनं मत दिलं, ते बघायचं होतं."

कारकुनानं कात्री खाली घेतली. "मिस्टर मीच, तुम्ही दोन वर्षं त्या टेबलाशी बसलात. मतं कधी लिहिली होती का कुणी? मंजूर किंवा नामंजूर, एवढंच मी लिहायचो."

इलाय आला तसा पाच मैल परत चालत गेला.

शेवटी समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी तो थर्झाच्या दारात जाऊन उभा राहिला. स्वयंपाकघरात ती क्रूसावर घालायचा झेंडा इस्त्री करत होती. दोन इस्त्र्या, एक चुलीवर तापत असलेली, एक हातात. तो बसला नाही. जे सांगायचं ते त्यानं तिच्या बुटांकडे बघत सांगितलं, पण सांगितलं सगळं. खिडकीतला चहा, कॅप्टनचं वाक्य, मांडीवर राहिलेले हात.

थर्झाची इस्त्री थांबली नाही. निळ्या भागापाशी आल्यावर तिनं विचारलं, "हर्बर्टचा कागद त्याच सुमारास होता?"

"पुढच्या महिन्यात."

"हं."

तिनं इस्त्री चुलीवर ठेवली, दुसरी उचलली, तिच्यावर थुंकी टाकून ताव बघितला.

"उद्या साडेदहाला," ती म्हणाली. "मफलर घालून ये. पाद्री लांबण लावतो आणि वारा खालून येतो."

"थर्झा, मी काय म्हणालो ते ऐकलंस ना?"

"मी बहिरी नाही." ती पुन्हा झेंड्याकडे वळली. "चार पोरं होती माझी. आता सकाळी उठते तेव्हा मला धरायला काय आहे, सांग. पाद्र्याची प्रार्थना मला लागू पडत नाही. एकच गोष्ट आहे. त्या माडीवर एक तरी हात माझ्या लेवीसाठी वर गेला, एवढीच. तीन वर्षं मी त्यावर उठते आणि कामाला लागते. आणि आज तू इथे येऊन म्हणतोस ती परत दे."

"पण ते खरं नाही गं."

"तुझ्यासाठी नसेल." तिनं इस्त्री दाबली. "तुला जड झालंय म्हणून माझ्या दारात आणून टाकू नकोस. तुझं तू ने घरी."

तो दारातच घुटमळला. तिनं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं तो निघाला, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "काळे बूट घाल. ते तपकिरी नकोत."

दुसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर होती. भिजून जड झालेला झेंडा पहिल्या हिसक्याला निघाला नाही, थर्झाला दोरी दोनदा ओढावी लागली. पाद्र्यानं नावं वाचली. हॅलेट, हॅलेट, हॅलेट, हॅलेट म्हणताना त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला. थर्झाचा हात पूर्ण वेळ इलायच्या कोपरात होता. तिची बोटं कोटातून त्याला रुतत होती. आधारासाठी रुतत होती की दुसऱ्या कशासाठी, ते त्याला कळलं नाही, आणि वळून तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. गाव त्या दोघांकडे बघत होतं. बऱ्याच बायकांनी डोळे पुसले.

पुढच्या वसंतात हर्बर्ट कॅनडाला गेला. कारण विचारलं तेव्हा आधी सांगेना. मग एकदा म्हणाला, "पबमध्ये गेजचा नातू विचारतो, हर्ब, तुझं नाव दगडाच्या कुठल्या बाजूला आहे रे? सगळे हसतात. मीही हसतो. किती वर्षं हसू?"

"तू कुणाचं काही घेतलं नाहीस," इलाय म्हणाला.

"तुम्ही माझ्यासाठी तिथे काही बोललात का?" हर्बर्टनं विचारलं. "माझा अर्ज होता तेव्हा?"

"मी जिन्यात होतो."

हे खरं होतं. हर्बर्टनं मान हलवली. बंदरापर्यंत पोचवायला रोडा गेली, इलाय स्टेशनवरूनच परतला. ज्या मुलाला ठेवण्यासाठी सगळं झालं, तो पत्रांत उरला. वर्षाला चार, मग दोन. एकात गव्हाच्या शेताचा फोटो होता, त्यात माणूस कुठेच नव्हता. रोडानं तो तसाच भिंतीवर लावला.

थर्झानं मात्र इलायला सोडलं नाही. दर नोव्हेंबरात साडेदहाला ती त्याच्या दारात यायची आणि त्याच्या कोपरात हात घालून क्रूसाकडे चालायला लागायची. अधूनमधून अंडी आणून द्यायची. त्या इस्त्रीच्या दुपारचं एक अक्षर तिनं पुन्हा काढलं नाही. पण कुणी नवा माणूस गावात आला, नवा पाद्री, पोस्टातली मुलगी, कुणाचा जावई, की ती त्याला इलायपुढे आणून उभं करायची.

"हे इलाय मीच," ती सांगायची. "माझ्या लेवीसाठी मेजरच्या तोंडावर बोलले ते हेच."

आणि हे सांगताना ती त्या पाहुण्याकडे न बघता सरळ इलायकडे बघायची, पापणीही न हलवता. त्या नजरेत माफी होती की शिक्षा, याचा उलगडा त्याला तेरा वर्षांत झाला नाही. पाहुणा हात पुढे करायचा. इलायला तो घ्यावा लागायचा.

चौतीसच्या मार्चमध्ये थर्झा फुप्फुसाच्या दुखण्यानं गेली. शेवटचे दोन दिवस रोडा तिच्या उशाशी होती. तिनं काही निरोप ठेवलाय का, असं इलायनं विचारलं. रोडा म्हणाली, कोंबड्या कुणाला द्यायच्या ते सांगितलं. बाकी काही नाही.

इलायला वाटलं, आता तरी हे बोलणं गावातून हळूहळू जिरेल. पण ते उलट वाढलं. थर्झा होती तोवर ते तिचं होतं, आता सगळ्यांचं झालं. मेजर वारले होते, त्यांच्या बंगल्यात शाळा भरत होती, आणि मेजरच्या तोंडावर बोललेला एक तरी माणूस आपल्या गावात होता याचा गावाला अभिमान वाटायला लागला. कुणी सांगायचं की इलायनं टेबलावर मूठ आपटली. कुणी म्हणायचं, त्यानं टोपी उचलली आणि तो खोलीतून निघून गेला. त्यानं एकदोनदा "तसं काही नव्हतं" म्हणून पाहिलं. लोक म्हणायचे, बघा, अजूनही किती साधा माणूस आहे.

सदतीस साली शाळेतल्या मिस ऑल्डिसनं गावाची माहिती एका छोट्या पुस्तकात लिहायला घेतली. चर्चच्या खर्चानं ते छापायचं होतं. स्मारकावरचं पान लिहायला ती इलायच्या घरी आली. रोडा तोवर वारली होती. मिस ऑल्डिस तिशीची, चुणचुणीत बाई, मांडीवर वही.

"ते लिहू नका," इलाय म्हणाला. सत्तरी ओलांडल्यावर त्याचा आवाज बारीक झाला होता. "लेवी हॅलेटच्या वेळी मी हात वर केला नाही. कुणीच केला नाही. मी घाबरलो होतो. हे तुम्ही लिहा, पाहिजे तर."

मिस ऑल्डिसनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे मायेनं बघितलं.

"मिसेस हॅलेट मला म्हणाल्याच होत्या," ती म्हणाली. "मी इथे नवीन आले तेव्हा. म्हणाल्या, त्यांना कधी विचारलंत तर ते नाहीच म्हणतील. सगळा दोष स्वतःवर घेतील. त्यांचं ऐकू नका."

इलायनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग त्यानं विचारलं, "असं म्हणाली ती?"

"अगदी याच शब्दांत."

मग तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. चार हॅलेट बंधूंची नावं, त्यांच्या पलटणी, आणि खाली दोन ओळी. १९१७ साली केल्सबरीच्या नगरभवनात झालेल्या बैठकीत गावचे सुतार श्री. इलाय मीच यांनी धाकट्या लेवीला सूट मिळावी म्हणून एकट्यानं बाजू मांडली, पण त्यांना यश आलं नाही.

"काही चुकलंय का?" तिनं विचारलं.

"नगरभवन नव्हतं ते," इलाय म्हणाला. "धान्याच्या बाजारावरची माडी."

मिस ऑल्डिसनं ते लगेच खोडून दुरुस्त केलं, आणि अशा बारीकसारीक गोष्टी आता दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत म्हणून त्याचे मनापासून आभार मानले.